गळक्या भांड्यांची बाग

घरातले एखादे भांडे गळू लागले, म्हणजे पूर्वी त्याच्यावर उपचार होत असत. दारावर डाग देणारा येई, कल्हईवाला येई. बादलीचे बूड गेले तर नवे बूड बसवून मिळे. ज्याच्यावर काहीच इलाज उरला नाही ते भांडे मोडीत जाई. आता डाग देणाऱ्याची हाक क्वचितच ऐकू येते आणि नवी प्लॅस्टिकची बादली जुनीच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते. तेव्हा गळके भांडे एक तर भंगारवाल्याकडे जाते, नाही तर माळ्यावर. माळ्यावर गेलेले भांडे पुन्हा खाली येत नाही, हे मी आपल्याला सांगावयास नको. ते टाकवत नाही आणि वापरवतही नाही.

अशा भांड्यांना तिसरी एक वाट आहे. त्यांत माती भरावी आणि झाड लावावे. एवढेच सांगावयाचे तर त्यासाठी व्याख्यान कशाला, असे कोणी म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. मी काही बागाईत शास्त्राचा जाणकार नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी बरीच झाडे मारली आहेत आणि त्यातले एक मरण मला फार महाग पडले. ती हकीकत पुढे येईलच.

माझे लहानपण लालबागच्या चाळीत गेले. चाळीच्या गॅलरीत दर दोन खोल्यांआड एक डालड्याचा डबा असे आणि त्यात तुळस. डालडा १९३७ साली आपल्याकडे बाजारात आला. त्याचा तो पिवळा डबा आणि त्यावरचे हिरवे माडाचे झाड ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको. तूप संपले की डब्यात डाळ-तांदूळ यायचे; पुढे डबा गंजला, झाकण हरवले की त्याची बदली गॅलरीत. बाहेर माडाचे चित्र आणि आत खरी तुळस! अंगण नसलेल्या माणसांनी काढलेले हे अंगण होते. आमच्याकडेही असा डबा होता. त्याच्या बुडाला भोके होती की नव्हती, हे मात्र मी त्या वयात कधी पाहिले नाही. पाहिले असते, तर पुढचा घोळ टळला असता.

जुन्या भांड्यात रोप लावण्याची ही रीत काही चाळीने काढलेली नाही. प्राचीन अथेन्समध्ये अडोनिस नावाच्या देवतेच्या उत्सवात बायका फुटक्या मडक्यांच्या खापऱ्यांत थोडी माती घालून बडीशेप आणि लेट्यूससारखी भराभर उगवणारी बी पेरीत आणि त्या खापऱ्या धाब्यावर नेऊन ठेवीत. रोपे चटकन उगवत आणि उन्हाने तितक्याच चटकन माना टाकीत. प्लेटोने आपल्या ‘फीड्रस’ या संवादात या बागांचा दाखला दिला आहे. शहाणा शेतकरी आपले मोलाचे बी आठ दिवसांच्या कौतुकासाठी असल्या बागेत पेरणार नाही, आठ महिने वाट पाहावी लागली तरी योग्य जमिनीतच पेरील, असा त्याचा आशय आहे. हे वाचताना मला आपल्या नवरात्रातला घट आठवला. परडीत किंवा पत्रावळीवर मातीचा थर, त्यात धान्य, नऊ दिवसांत वीतभर पिवळसर कोंब. दसऱ्याला ते कोंब कानावर किंवा टोपीत खोवायचे आणि विषय संपला. घट नऊ दिवसांसाठीच असतो, म्हणून तिथे चार बोटे माती पुरते. पण आपण गॅलरीत जे झाड लावतो ते नऊ दिवसांसाठी लावत नाही. म्हणजे प्रश्न भांडे शोधण्याचा नाही. त्या भांड्यात झाड आठ दिवस जगवायचे की आठ महिने, हा प्रश्न आहे.

लालबागची चाळ सुटल्यावर आम्ही खारदांड्याला राहायला आलो. खार स्टेशनाहून पश्चिमेला निघाले की रस्ता बंगले, इमारती ओलांडीत समुद्राकडे जातो आणि जिथे वाऱ्याला सुक्या मासळीचा वास येऊ लागतो तिथे दांड्याचा कोळीवाडा सुरू होतो. आमची इमारत त्याच्या कडेलाच आहे. खाली पाहिले की होड्या, जाळी, दोऱ्यांवर वाळणारे बोंबील. या वस्तीत जमीन हातभर आणि माणसे फार. तरी हिरवे काही नाही असे दार सापडणे कठीण. आणि ती हिरवाई कशात आहे, ते पाहावे. मासळी बर्फात घालून नेण्याची थर्मोकोलची पेटी कोपऱ्यात फुटली, की तिच्यात अळू. मोठ्या जाळ्याचा प्लॅस्टिकचा फुगा तडकला, की तो मधोमध कापून त्याचे दोन वाडगे आणि दोन्हींत सदाफुली. फाटक्या जाळ्याचा तुकडा भिंतीवर ताणला आहे आणि त्यावरून दोडक्याचा वेल चढला आहे. अल्युमिनियमच्या टोपाला भोक पडले तर त्यात पानओवा. नर्सरीतून आणलेली कुंडी शोधावी लागते.

हे पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, आपणही करू. माळ्यावर सामान पुष्कळ होते. दोन लोणच्याच्या बरण्या, एक दांडी मोडलेली किटली, चाळीतला एक पत्र्याचा डबा आणि आईची जस्ताची बादली.

या बादलीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लालबागला पहाटे नळाला पाणी येई, तेव्हा रांगेत ही बादली असे. मी अंथरुणात असताना तिच्या कडीचा आवाज ऐकलेला आहे. आमच्या घरातले सगळे पाणी, म्हणजे पिण्याचे, धुण्याचे, माझ्या आंघोळीचे, पंधरा-वीस वर्षे या बादलीतून वर आले. पुढे तिचे बूड कडेने गंजले आणि थेंब थेंब गळू लागली. आईने ती माळ्यावर टाकली. भंगारात मात्र दिली नाही.

त्या वर्षी जूनमध्ये आई पुण्याला बहिणीकडे गेली ती चार महिन्यांसाठी. ती परत येईपर्यंत गॅलरीत बाग उभी करून तिला चकित करावे, असा माझा बेत होता. बादली घासली. आतून दोन हात रंग दिला, म्हणजे गंज दिसू नये. त्या रंगाने झाले काय, तर तिचे गळणे बंद झाले! मला वाटले, छान झाले. तिच्यात माती भरली आणि मोगरा लावला. बरण्यांत गुलाब, किटलीत सदाफुली, डब्यात तुळस. एकाही भांड्याला भोक पाडले नाही. का पाडले नाही, याची कारणे माझ्याजवळ तयार होती. खालच्या मजल्यावरच्या धुण्यावर मातकट पाणी ठिबकेल हे एक. दुसरे कारण मी कोणाला बोलून दाखवले नाही. आईच्या बादलीवर खिळा ठेवून हातोडी मारायला माझा हात धजेना. जिने इतकी वर्षे आमचे पाणी राखले, तिला आपल्या हाताने गळकी करायची, हे मनाला पटत नव्हते.

खालच्या कोळीवाड्यातल्या एक मावशी मासळी घेऊन आमच्या दारावर येतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बाग पाहिली, बादलीत बोट घातले आणि म्हणाल्या, “मास्तर, झाराला पानी पाजायचा, बुरवायचा नाय.” मी हसलो. मावशींचा अनुभव मासळीचा, बागेचा नव्हे, अशी माझी समजूत. त्यांच्या दाराशी अळू छातीएवढे झाले होते, ते मला त्या क्षणी आठवले नाही.

मग पाऊस लागला. मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. आमच्या जवळच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ ला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, म्हणजे सुमारे ३७ इंच. फूटभर उंचीची बादली उघड्यावर असती तर त्या एका दिवसात तीनदा भरली असती. एरवीच्या साध्या पावसाळ्यातही बिनभोकाच्या भांड्याचे जे व्हायचे ते होतेच. मोगऱ्याची पाने पिवळी पडू लागली, शेंडे मलूल झाले. मी समजलो, झाडाला तहान लागली आहे. पावसाची उघडीप असली की मी तांब्याने पाणी घाली!

आता या ठिकाणी थोडे शास्त्र सांगतो. मला ते झाड गेल्यावर कळले, आपल्याला आधी कळलेले बरे. झाडाची मुळे नुसते पाणी पीत नाहीत, ती श्वासही घेतात. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांत हवा असते आणि त्या हवेतला प्राणवायू मुळांना मिळतो. पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या, की हा पुरवठा तुटतो. कारण पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. मुळे गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेले मूळ पाणी वर चढवू शकत नाही. म्हणून पाण्यात उभे असलेले झाड तहानलेल्या झाडासारखेच माना टाकते. दोन्ही दुखण्यांचे लक्षण एक आणि उपाय अगदी उलट! अशा वेळी पानांकडे पाहू नये. मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. मावशींनी नेमके तेच केले होते.

मोगरा गेला. त्याची भर एका झाडावर संपली असती तर मी हे सांगत बसलो नसतो. सप्टेंबरात आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला आठ वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. डेंग्यू निघाला. रक्तातल्या बिंबाणू उतरत गेल्या. पाच दिवस तो इस्पितळात होता आणि त्याची आई बाकावर. महापालिकेची माणसे इमारत तपासायला आली. एकेक घर पाहात आमच्या गॅलरीत आली. मेलेल्या मोगऱ्याच्या बादलीत मातीवर दोन बोटे पाणी उभे होते. त्यांनी विजेरी मारली आणि मला जवळ बोलावले. पाण्यात बारीक केसासारखे जीव वळवळत होते. शेपटीकडचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला लावून, डोके खाली करून लोंबकळत होते. त्या माणसाने मला रागावून काही म्हटले नाही. बादली कलंडली, कागदावर काही लिहिले, माझी सही घेतली.

डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस, घाण गटारात नव्हे तर घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. त्याला फार पाणी लागत नाही. एखाद्या बाटलीच्या झाकणात मावेल एवढे पुरते. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. तो दिवसा चावतो आणि जन्मल्या जागेपासून फार दूर जात नाही. बहुधा त्याच इमारतीत, आसपासच्या घरांत त्याचे आयुष्य जाते. त्या मुलाला चावलेला डास आमच्या बादलीतला होता का? ते कोणी सांगू शकणार नाही. नव्हता, असे मलाही सांगता येत नाही. मुलगा बरा झाला, सुखरूप घरी आला. त्याच्या आईने मला कधी विचारले नाही. आजही तो जिन्यात भेटला की “काका” म्हणून हाक मारतो आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो तेव्हा मला ती बादली आठवते.

ऑक्टोबरात आई परतली. मी तिला सारे सांगितले. तिने रिकाम्या बादलीत पाहिले, बुडावर बोटाने टकटक केले आणि म्हणाली, “अरे, आतून रंग कशाला दिलास? आणि भोकं कुठंयत?” मी म्हटले, “तुझी बादली म्हणून पाडली नाहीत.” ती म्हणाली, “गळते म्हणून तर काढली होती ना मी? मग गळू दे की नीट. डालड्याच्या डब्याला कोण भोकं पाडत होतं, तुझे मामा? खिळा आण.” तिने स्वतः जमिनीवर जुने पोते पसरले, बादली त्यावर ठेवली, आणि मला आतून खिळा ठोकायला लावले. पहिला घाव घालताना मी डोळे मिटले, हे कबूल करतो. सहा भोके पाडली. तिने तांब्याभर पाणी ओतले, ते सहा धारांनी पोत्यावर उतरले. “आता ही झाडाच्या कामाची झाली,” ती म्हणाली.

मला या साऱ्या प्रकरणातून जे कळले ते एवढेच आहे. स्वयंपाकघरात भांड्याचा गुण धरून ठेवण्यात असतो. गॅलरीत तेच भांडे सोडून देण्याने गुणी ठरते. आपण जुन्या वस्तूला नवे काम देतो, पण तिचा जुना स्वभाव तसाच ठेवू पाहतो, आणि तिथे चूक होते. हे एकदा ध्यानात आले की बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. त्या आता क्रमाने सांगतो.

पत्र्याच्या डब्याला किंवा बादलीला भोक पाडताना खिळा आतून बाहेर ठोकावा. मग पत्र्याची वर आलेली कड बाहेर राहते आणि आत पाणी अडत नाही. बादलीएवढ्या भांड्याला पेन्सिलीच्या जाडीची पाच-सहा भोके पुरेत. प्लॅस्टिकला तापवलेल्या सळईपेक्षा गिरमिटाने भोक पाडणे बरे. जळणाऱ्या प्लॅस्टिकचा धूर छातीला वाईट. चिनी मातीची बरणी फुटण्याचे भय वाटत असेल, तर तिला भोक पाडूच नका. तिच्यात मावेल असे भोकाचे लहान भांडे घ्या, झाड त्यात लावा, पाणी घालताना ते बाहेर काढा, निथळू द्या आणि परत ठेवा. बरणी ही फक्त त्याचा अंगरखा. पावसाळ्यात मात्र तिला घरातच ठेवावी. आणि कोणतेही भांडे थेट लादीवर टेकवू नये. विटेचे दोन तुकडे खाली ठेवावेत, म्हणजे भोके मोकळी राहतात.

तळाशी खडीचा किंवा विटेच्या तुकड्यांचा जाड थर दिला की पाणी लवकर निचरते, अशी समजूत सर्वत्र आहे. ती खरी नाही. ओला स्पंज दगडांवर ठेवून पाहा. स्पंज तुडुंब भरेपर्यंत पाणी खाली उतरत नाही. बारीक मातीखाली खडी असली तर माती तशीच पाणी धरून बसते. उलट मुळांची तेवढी जागा खडीने खाल्ली. भोकावर एक खापर किंवा जाळीचा तुकडा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, बस्स. निचरा सुधारायचा तर मातीच सैल करावी: एक भाग माती, एक भाग कुजलेले खत, एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा. दांड्यासारख्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक सूचना. समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून मातीत मिसळू नका. तिच्यातले मीठ झाडाला बाधते. खाऱ्या वाऱ्याने पानांवर मीठ बसते, ते आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावे. सदाफुली, कोरफड, पानओवा, बोगनवेल ही मंडळी हा वारा सोसतात. नाजूक गुलाबाला तो मानवत नाही.

खालच्या मजल्यावर पाणी ठिबकते, ही माझी अडचण अगदीच खोटी नव्हती. भांड्याखाली ताटली ठेवावी. पण ताटलीत पाणी साठले की डासांचा प्रश्न पुन्हा दारात. त्याला दोन उपाय. एक, ताटली कडेपर्यंत नदीच्या वाळूने भरून ठेवावी. ओल वाळूत राहते, वर पाणी दिसत नाही आणि डासाला अंडी घालायला जागा उरत नाही. दुसरा, आठवड्यातून एक वार ठरवून ताटल्या रिकाम्या कराव्यात आणि नुसत्या पालथ्या न घालता काथ्याने घासाव्यात. कारण एडिसची अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पुढच्या पाण्याबरोबर ती जागी होतात. आमच्याकडे शनिवार ठरला आहे.

आता भांडे केवढे हवे? अथेन्सच्या खापरीची गोष्ट इथे उपयोगी पडते. मेथी, कोथिंबीर यांना सहा इंच माती चालते, म्हणून थर्मोकोलची पेटी त्यांना पुरेशी. मिरची, टोमॅटो, वांगे यांना निदान फूटभर खोली हवी. तिथे बादली किंवा रॉकेलचा डबा. कढीपत्ता आणि लिंबू यांना पिंपाखेरीज सुख नाही. किटलीत आणि चहाच्या कपात झाड शोभते खरे, पण उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घालण्याची तयारी असेल तरच. लहान भांडे लवकर तापते आणि लवकर सुकते.

मोठी भांडी ठेवताना वजनाचा हिशेब विसरू नका. ओली माती लिटरला दीड-पावणेदोन किलो भरते. म्हणजे १८ लिटरचा एक डबा झाला सुमारे ३० किलोंचा. असे दहा डबे म्हणजे ३०० किलो. चार-पाच धडधाकट माणसे तुमच्या गॅलरीत रात्रंदिवस उभी राहिल्यासारखे. इमारत जुनी असेल, सळया दिसू लागल्या असतील, तर हौस आवरावी. जड भांडी गॅलरीच्या बाहेरच्या टोकाला न ठेवता आतल्या भिंतीलगत ठेवावीत. कठड्यावर तर कधीच नको. मातीत पालापाचोळा आणि सोडण जास्त घातले की ओझे बरेच हलके होते.

याबाबतीत आमच्या शेजारच्या वांद्र्याचे एक उदाहरण आहे. डॉ. आर. टी. दोशी यांनी तिथल्या गच्चीवर उसाची चिपाडे, घरचा ओला कचरा आणि अगदी थोडी माती यांवर पिंपांत व पिशव्यांत भाज्या आणि फळे पिकवून दाखवली. त्यामागे कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक; शेती हा त्यांनी प्रयोगाचा विषय केला आणि सामान्य माणसाने आपल्या दारात प्रयोग करावा, हा त्यांचा आग्रह होता. पुढे २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच वाटेने बाग केली. स्वयंपाकघरातला जो कचरा रोज बाहेर फेकला जाई, त्याचे तिथे खत झाले. हे सांगण्याचे कारण, की आपला फुटका डबा हे हसण्यावारी नेण्याचे काम नव्हे. मोठ्या माणसांनी त्यावर डोके चालवलेले आहे.

काही वस्तू मात्र झाडालाही देऊ नयेत. रसायनांची, कीटकनाशकांची पिंपे कितीही धुतली तरी नकोत. जुन्या रंगाचे पोपडे निघालेले डबे आणि फळ्या खाण्याच्या भाजीसाठी वापरू नयेत. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आणि त्यांचा अंमल नोव्हेंबर २०१७ पासूनचा. त्याआधीच्या रंगाची हमी कोण देणार? मी बादलीला आतून रंग फासला, ती या दृष्टीनेही चूकच होती; आईने तो खरवडून काढायला लावला. तांब्याच्या भांड्यात भाजी लावू नये, फुलझाडालाही आत दुसरे भांडे द्यावे. तांबे मुळांना सोसत नाही. मोटारीचे टायर टांगण्याची हौस दिसते. पण टायरच्या आतल्या पन्हळीत पाणी साठते ते उपसणे कठीण, आणि डासांना त्याहून आवडती जागा नाही. थर्मोकोल उन्हाने भुरभुरू लागला, की पेटी काढून टाकावी. तिचे पांढरे कण वाऱ्याने समुद्रात जातात, आणि समुद्रावर ज्यांचे पोट आहे त्यांच्या दारातून ते जाऊ नयेत.

आमच्या बादलीत पुन्हा मोगराच लावला आहे. गेल्या उन्हाळ्यात तो फुलला. पहिली ओंजळ आईने शेजारच्या घरी पाठवली. दांड्याचा खारा वारा पत्र्याला सोडत नाही. बादलीच्या बुडाला भोकांभोवती गंज पसरतो आहे; आणखी दोन-तीन पावसाळे ती काढील. मग मोगऱ्याला दुसरे घर पाहावे लागेल. आईने आत्ताच एक टोप हेरून ठेवला आहे, तो अजून गळत नाही एवढीच अडचण.

तेव्हा आपल्या माळ्यावरही असे काही पडले असेल. सवड काढून एकदा वर चढा. जे भांडे टाकवत नाही ते खाली घ्या. मात्र चढताना खिळा आणि हातोडी बरोबर असू द्या. मातीचे आणि रोपाचे नंतर पाहता येईल.